दम आनुवंशिक असतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी आणि नवऱ्याने एकाच दिवशी पळायला सुरुवात केली, आठवड्यातून दोनदा. चार महिन्यांत तो सलग दहा किलोमीटर पळू लागला. मला पाचव्यालाच धाप लागते. माझ्या अंगातच दम नाही का?

उत्तर : तुम्ही कमी पडताय असं मनात आणू नका. सारख्या सरावाचं फळ सगळ्यांना सारखं मिळत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. व्यायाम आणि आनुवंशिकतेचे संशोधक क्लोद बुशार यांच्या ‘हेरिटेज’ अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ जणांनी २० आठवडे एकसारखा सराव केला. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. तो सरासरी सुमारे ४०० मिलिलिटरने वाढला. पण काहींचा जेमतेम हलला, तर काहींचा लिटरभर वाढला. एकाच घरातल्या माणसांची वाढ बरीच मिळतीजुळती होती. म्हणजे आनुवंशिकता आहेच.

तरी हात टेकू नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदाच व्यायाम करणाऱ्या बहुतेकांना सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही. चार-पाच वेळा करणाऱ्यांत मात्र एकही जण कोरा राहिला नाही. कोऱ्या राहिलेल्यांना पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला दोन दिवस वाढवून दिले, तेव्हा त्या सगळ्यांची क्षमता वाढली. तुम्हीही एक-दोन दिवस वाढवा, आणि पळताना गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवा. त्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. पाळी येणाऱ्या बायकांमध्ये लोह कमी असणं फार सर्रास आढळतं, आणि त्याचा दोष उगाच जनुकांवर जातो.

प्रश्न : लाळेच्या तपासणीत माझ्या ११ वर्षांच्या मुलीत ‘वेगाचं जनुक’ नाही असं आलं. तिला लांब पल्ल्याकडे वळवू का?

उत्तर : नको. हे जनुक म्हणजे एसीटीएन-३. त्याचं प्रथिन अजिबात न बनणारे जगात शंभर कोटींहून जास्त लोक आहेत. ते सगळे काही मॅरेथॉनपटू नाहीत. अशा चाचण्यांवरून मुलांचा खेळ ठरवू नये, असं तज्ज्ञांच्या गटाने २०१५ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. तिला काय खेळायला आवडतं, ते तिलाच विचारा.

प्रश्न : एका जनुकामुळे कुणी विजेता झालंय का?

उत्तर : फिनलंडचे स्कीपटू ईरो मँटिरांटा. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन सुवर्णपदकं जिंकली. त्यांचं हिमोग्लोबिन २० च्याही वर असायचं, त्यामुळे ते गैरमार्गाने रक्त वाढवतात असा संशय घेतला गेला. पुढे १९९३ मध्ये उलगडा झाला : लाल पेशी बनवण्याचा हुकूम थांबवणारा भागच त्यांच्या शरीरात जन्मतः तुटका होता. पण तोच बदल घेऊन जन्मलेले त्यांचे सगळे नातेवाईक काही ऑलिंपिकला पोचले नाहीत.

प्रश्न : वडील चाळिशीतच अचानक गेले, हृदयामुळे. मी मॅरेथॉन पळू का?

उत्तर : आनुवंशिकता खरोखर बघायची ती इथे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक विकार साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि तो बहुधा घराण्यातून येतो. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडून ईसीजी आणि इको करून घ्या. पळताना कधी शुद्ध हरपली असेल, तर तपासणी होईपर्यंत सराव पूर्ण थांबवा.