घरगुती चटण्यांसाठी कॉलेजचा उद्योजकता कोर्स करावा का?

ताई, कोथरूडला घरून चटण्या विकता, ऑर्डरी वाढल्यात, दुकानांत माल ठेवायचाय आणि एका कॉलेजचा तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करावा का, असं विचारलंत. फी भरण्याआधी तिथे एवढंच विचारा: माझी हिशोबाची वही कोणी उघडून बघणार का? नुसतं व्हिजन, मिशन आणि स्वॉट अ‍ॅनालिसिस (धंद्याच्या जमेच्या आणि कच्च्या बाजू, संधी, धोके) शिकवणार असतील तर राहू द्या.

तुम्हाला खरी गरज आहे ती कॉस्टिंगची. २०० ग्रॅमचं पाकीट ८० रुपयांना देता म्हणालात. दाणे, मिरची, लसूण, पाउच, लेबल धरलंच असेल. पण भाजल्यावर दाण्यांचं वजन घटतं, वर सालं जातात, ते धरलंय? गॅस? लसूण सोलायला येणाऱ्या मावशींचे पैसे? आणि तुमची स्वतःची मजुरी? (ती बहुतेक घरगुती धंद्यांत शून्यच लिहिलेली असते.) उद्या दुकानदाराने २५ टक्के मार्जिन मागितलं, की ८० मधले २० तिथेच गेले. वर न खपलेला माल परत येणार, तो वेगळाच. हे सगळं तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवणारे सर भेटले तर फी वसूल समजा. म्हणून आधी एक तास बसू देतात का बघा, आणि जुन्या बॅचमधल्या दोघीतिघींना फोन करा.

सीओईपी या पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजचं भाऊ इन्स्टिट्यूट किंवा पुणे विद्यापीठाचं इन्क्युबेशन सेंटर (नव्या धंद्यांना हात देणारं केंद्र) इथे कोणीतरी सुचवेलच. संस्था चांगल्या आहेत, पण त्यांचा भर नवं तंत्रज्ञान घेऊन येणाऱ्या स्टार्टअपवर. चटणीला त्याचं काय! त्यापेक्षा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करा. अळिंबी (मशरूम) लागवडीसारखी छोटी प्रशिक्षणं तिथे होतात. प्रक्रिया उद्योगाचं काही निघालं तर मी तेच आधी घेईन. चटणी किती दिवस टिकते हे मात्र लॅबमधूनच तपासून घ्या, वर्गात बसून ते कळत नाही.

सरकारी योजनेतून कर्ज काढायचं असेल तर कुठलंही सर्टिफिकेट चालेल असं धरून चालू नका. कोणत्या संस्थेचं प्रशिक्षण मान्य आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे, म्हणजे एमसीईडीचे वर्गही बघून ठेवा.

आणि दिवाळीच्या तोंडावरची बॅच घेऊ नका. फराळाच्या ऑर्डरींत निम्म्या तासांना दांडी पडते.