आजोबांची .315 रायफल कापायची म्हणतोस, त्याआधी

भाऊ, नळी कापून रायफल हलकी करायचा विचार आधी सोड. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. शिकारीचंही विसर, वन्यजीव कायद्यामुळे आता सातपुड्यात हौसेची शिकार उरलेली नाही. केळीत रानडुकरं शिरतात म्हणशील, तर वनखात्याकडे अर्ज कर. लायसन आधी तुझ्या नावावर होऊ दे, तोवर तिला हातही लावू नकोस.

तुझी .315 ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, म्हणजे ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलचीच घडण. .303 हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला बंद, म्हणून वेगळं काडतूस देऊन ती विकली गेली. जन्मतःच ‘स्पोर्टिंग’, म्हणजे नागरी वापराची आहे, अजून काय बदलायचं?

खरं काम लाकडाचं. आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, पकड सैल होते, निशाणा भटकतो. जवसाच्या तेलाचे पातळ हात दे, मधे नीट सुकू दे. वार्निश नको, ते चकाकतं फक्त.

आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचं मागचं लाकूड, काढायचाच झाला तर नळीखालचं पुढचं लाकूड आधी उतरव. जुन्या ली-एनफिल्डमध्ये दस्त्याच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. तसाच फिरवलास की लाकूड उभं चिरतं. जुन्या बाजारात अशी चिरलेली लाकडं हवी तेवढी दिसतात.

नळी साफ करताना काडतूस आत सारणारा बोल्ट (दस्त्याचा नव्हे) काढून सफाईचा गज मागून घाल. नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम गेलाच. दुर्बिणीसाठी भोकं पाडायची असतील, तर परवानाधारक कारागीरच बघ; गावातला वेल्डर नाही.