दांड्या चार, प्रश्न फार

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये चार दांड्यांच्या यंत्रणेवरचे, म्हणजे फोर-बार लिंकेजचे प्रश्न जास्त आहेत. एक दांडी जागेवर पक्की, ती फ्रेम. एक पूर्ण गोल फिरते, ती क्रँक. एक मागेपुढे झुलते, ती रॉकर. क्रँक आणि रॉकर यांना जोडणारी ती कपलर. उत्तरांमध्ये शक्यतो नेहमीचा एकच संच वापरतो: क्रँक ४० मिमी, कपलर १२०, रॉकर ८०, फ्रेम १००. कंपास, पट्टी घेऊन हा संच कागदावर काढा आणि मगच पुढचं वाचा.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्रॉयडेनस्टाइनचं समीकरण सोडवलं की रॉकरच्या कोनाची दोन उत्तरं येतात. पुस्तकात एक सोडून देतात. कोणतं सोडायचं, आणि का? (लोणेरे)

दोन्ही उत्तरं खरी आहेत. क्रँक फ्रेमशी ६० अंशांवर ठेवा. क्रँकच्या टोकावरून १२० मिमीचा आणि रॉकरच्या पक्क्या पिनवरून ८० मिमीचा कंस मारा. कंस दोन ठिकाणी छेदतात, एकदा फ्रेमच्या वर आणि एकदा खाली. वरच्या जोडणीत रॉकरचा कोन सुमारे ६५ अंश येतो, खालच्या जोडणीत उणे ११२. पहिली उघडी जोडणी, दुसरी आडवी, म्हणजे जिच्यात दांड्या एकमेकींना ओलांडतात. फर्डिनंड फ्रॉयडेनस्टाइन यांनी १९५४ साली मांडलेलं समीकरण हेच दोन छेदनबिंदू बीजगणितात सांगतं. त्यातली वर्गमुळाखालची संख्या ऋण आली तर कंस एकमेकांना भेटतच नाहीत, आणि त्या कोनात यंत्रणा जोडताच येत नाही.

तेव्हा प्रश्न ‘कोणतं बरोबर’ असा नसून ‘तुम्ही जोडलंय कसं’ असा आहे. आपल्या संचात सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांडीची बेरीज ४० + १२० = १६०, उरलेल्या दोघींची १८०. पहिली बेरीज दुसरीपेक्षा कमी म्हणजे ग्रासहोफची, म्हणजे सर्वांत आखूड दांडी पूर्ण फिरू शकण्याची, अट पाळली जाते. अशा यंत्रणेत एकदा उघडी जोडलेली जोडणी पिन काढल्याशिवाय आडवी होत नाही. म्हणून प्रोग्राम लिहिताना वर्गमुळाचं चिन्ह पहिल्या कोनाला ठरवा आणि पूर्ण फेरीभर तेच ठेवा. आलेखात रॉकर मधेच उडी मारत असेल तर चिन्ह बदललंय किंवा कोनाचा चरण चुकलाय. चरणासाठी, म्हणजे कोन वर्तुळाच्या कोणत्या पाव भागात आहे हे कळण्यासाठी, स्पर्शकावरून कोन काढणारा साधा ‘एटॅन’ न वापरता ‘एटॅन२’ वापरा. फक्त एक्सेलमध्ये त्यात आधी क्ष आणि मग य द्यावा लागतो. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये नेमका उलटा क्रम असतो. या एका गोष्टीपायी पोरं रात्री जागवतात.

प्रोजेक्टसाठी तुमच्याच मापांचं प्लायवूडचं मॉडेल केलं. कॉम्प्युटरवर छान फिरतं, हाताने फिरवलं की प्रत्येक फेरीत एका जागी अडतं. पावसात प्लायवूड फुगलं असेल का? (रत्नागिरी)

आपल्याकडच्या हवेत प्लायवूड फुगतं आणि भोकं घट्ट होतात, हे खरं. पण तसं असतं तर मॉडेल सगळीकडे सारखंच जड गेलं असतं. ते एकाच जागी अडतंय, म्हणजे दोष मापांत आहे. ती मापं मी हिशेब दाखवायला घेतली होती, बांधायला नव्हे.

अडतं ती जागा बघा. क्रँक फ्रेमच्या रेषेत येऊन रॉकरच्या पिनकडे तोंड करते तेव्हाच ना? त्या वेळी क्रँकचं टोक आणि रॉकरची पिन यांत ६० मिमी अंतर उरतं, आणि कपलर व रॉकर यांच्यातला कोन फक्त २६ अंश होतो. हाच ट्रान्समिशन अँगल. तो ९० अंश असेल तर कपलरचा सगळा जोर रॉकर फिरवण्यात जातो. तो जितका लहान, तितका जोर रॉकरच्या लांबीच्या दिशेने जाऊन पिनवर वाया जातो. तो ४० अंशांखाली जाऊ देऊ नये असा सर्वमान्य संकेत आहे. कॉम्प्युटरच्या चित्रात घर्षण नसतं, म्हणून तिथे २६ अंशही चालतात.

उपाय सांगतो, तो मला स्वतःला फार आवडतो. कपलर १२० आणि रॉकर ८० तसेच ठेवा. क्रँक ४८ करा आणि फ्रेमच्या दोन पिनांमधलं अंतर १३६. आता ४८ आणि १३६ यांच्या वर्गांची बेरीज २०,८००, आणि १२० व ८० यांच्या वर्गांचीही २०,८००. ही बेरीज जुळली की ट्रान्समिशन अँगल ९० अंशांच्या दोन्ही बाजूंना सारखा हलतो: इथे ४७ ते १३३. रॉकरचा झोका पूर्वीइतकाच, सुमारे ७४ अंश. ग्रासहोफची अटही पाळली जाते, १८४ विरुद्ध २००. बदल एकच होतो. जुन्या मापांत रॉकरला जायला क्रँकचे २०७ अंश लागत होते आणि यायला १५३, म्हणजे येणं झटपट होतं. नव्या मापांत दोन्ही १८० होतात. प्रोजेक्टला ‘क्विक रिटर्न’ नाव दिलं असेल तर ते मात्र बदला.

गॅरेज आहे. टेम्पोच्या वायपरची दांडी मोडली, वेल्डिंग मारून बसवली. आता काडी एका बाजूला काचेच्या बाहेर जाते आणि मोटर मधेच गुरगुरते. मोटर गेली का? (चिपळूण)

मोटरला हात लावण्याआधी दांडी मोजा. दांडीची पूर्ण लांबी नको, दोन्ही टोकांच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर घ्या. वेल्डिंगमध्ये तेच बदललेलं असणार.

मोटर एकाच दिशेने गोल फिरते. तिच्यावरची छोटी क्रँक, ही दांडी म्हणजे कपलर आणि वायपरच्या खुंटीवरचा रॉकर मिळून झोका तयार होतो. दांडी बदलली की झोक्याची दोन्ही टोकं सरकतात, आणि सारखी सरकत नाहीत. आपल्या संचात कपलर १२० ची ११० केली तर एक टोक जवळजवळ १३ अंश सरकतं, दुसरं ७. काचेवर एवढं म्हणजे काडी रबरी बीडिंगवर आपटणारच. लांबी अजून चुकली तर क्रँकची फेरीच पूर्ण होत नाही. आपल्या संचात कपलर ६० ते १४० च्या बाहेर गेली की असं होतं, आणि अडखळणं त्याच्या बरंच आधी सुरू होतं. तेच गुरगुरणं. आंबा घाटात पाऊस कोसळताना फ्यूज उडण्यापेक्षा नवी दांडी स्वस्त पडेल. बसवताना टोकांचे प्लॅस्टिकचे बुशही बदला.

शिवणकाम करते, पायमशीन आहे. गणपतीच्या आधी हातात काम फार असतं आणि नेमकी तेव्हाच मशीन सुरू करताना उलटी फिरते, दोरा गुंततो. पायाची सवय चुकतेय की मशीन बिघडलीय? (मालवण)

ताई, मशीन ठीक आहे आणि पायही. तुमच्या मशीनखालीसुद्धा हीच चार दांड्यांची यंत्रणा आहे, फक्त उलटी चालवलेली. पायटा म्हणजे रॉकर, त्याच्यावरून उभी जाणारी काडी म्हणजे कपलर, मोठ्या चाकावरचा आकडा म्हणजे क्रँक. वायपरमध्ये क्रँक रॉकरला हलवते, तुमच्याकडे रॉकर क्रँकला फिरवतो. एवढ्या बदलाने एक अडचण उभी राहते. चाकाच्या प्रत्येक फेरीत दोनदा ती काडी आणि आकडा एका रेषेत येतात. त्या क्षणी पायट्यावर कितीही जोर द्या, तो थेट चाकाच्या आसावर जातो आणि चाक हलत नाही. चाक फिरत असताना हे जाणवत नाही, कारण जड चाक आपल्याच वेगाने ती जागा पार करून जातं. थांबलेलं चाक नेमकं तिथे असेल, तर मात्र ते कुठल्याही बाजूला कलू शकतं.

पायट्याची चवड्याकडची बाजू वर असेल आणि त्या रेषेच्या थोडं पुढे चाक थांबलं असेल तर पायाचा चवडा दाबल्यावर ते सुलट फिरेल. थोडं अलीकडे थांबलं असेल तर तोच चवडा त्याला उलटं फिरवेल, तिथे टाच दाबायला हवी. म्हणूनच जुने शिंपी आधी वरचं हातचाक आपल्याकडे ओढतात आणि मग पाय चालवतात. हाताने दिशा ठरते, पाय फक्त ती राखतो. पट्टा सैल असेल तर हातचाक फिरतं पण खालचं मोठं चाक सोबत येत नाही, तेव्हा पट्टा एकदा बघून घ्या. आणि शिवण संपवताना पायटा साधारण सपाट असेल अशा जागी थांबायची सवय लावा. तिथे आकडा दोन्ही अडत्या जागांपासून लांब असतो.

चिरेखाणीवर जेसीबी चालवतो. बकेटचा सिलिंडर थेट बकेटला न जोडता मधे दोन दांड्या का घातल्यात? (राजापूर)

सिलिंडर सरळ रेषेतच ढकलतो. थेट जोडला तर बकेट वळत जाईल तशी जोराची रेषा बकेटच्या पिनजवळ येते आणि वळवणारा जोर संपत जातो. मधल्या दोन दांड्या, बकेट आणि बूमचा पुढचा हात मिळून चार दांड्या होतात. त्यांच्यामुळे सिलिंडरच्या थोड्या सरकण्यात बकेट दीडशे अंशांहून जास्त वळते आणि माती भरताना जोरही टिकतो. त्या पिनांना ग्रीस वेळेवर द्या. खडखड तिथूनच सुरू होते.

सॉफ्टवेअरने रॉकरचा कोनीय वेग दिला. तो बरोबर आहे हे परीक्षेत किंवा तोंडी परीक्षेत कसं पटवायचं? (देवरुख)

एका रेघेने. क्रँक ६० अंशांवर असलेलं मघाचं उघड्या जोडणीचं चित्र घ्या आणि कपलरची रेषा मागे वाढवून फ्रेमच्या रेषेला भेटवा. ती क्रँकच्या पक्क्या पिनच्या डावीकडे सुमारे ८४ मिमीवर भेटते. हा क्रँक आणि रॉकर यांचा क्षणिक केंद्रबिंदू, म्हणजे त्या क्षणी दोघांचा वेग एकच असलेला बिंदू. तीन भागांची तीन क्षणिक केंद्रं एका रेषेत असतात, या केनेडीच्या नियमाने तो तिथे येतो. रॉकरच्या पिनपासून तो १८४ मिमीवर आहे. ८४ भागिले १८४ म्हणजे ०.४५७. क्रँकच्या वेगाला याने गुणा, रॉकरचा वेग आला. क्रँक मिनिटाला ६० फेऱ्या करत असेल तर तिचा वेग सेकंदाला ६.२८ रेडियन आणि रॉकरचा २.८७. बिंदू दोन्ही पिनांच्या एकाच बाजूला आहे, म्हणून दोघांची दिशाही एकच. तो मधे आला असता तर दिशा उलट झाली असती.

ही रेघ क्रँकच्या पक्क्या पिनमधूनच गेली तर रॉकरचा वेग शून्य, म्हणजे झोक्याचं टोक. परीक्षक विचारतीलच, आधी तुम्हीच सांगून टाका. प्रवेगाचं काम मात्र एका रेघेत होत नाही. तिथे कोरिऑलिसला, म्हणजे फिरत्या दांडीवर काही सरकताना येणाऱ्या जादा प्रवेगाला, न घाबरता बसा, कारण नुसत्या पिनांनी जोडलेल्या चार दांड्यांत तो येतच नाही.

काजू फोडायचं पायडलचं कटर आहे. कामाला येणाऱ्या बायकांचे पाय दिवसअखेर भरून येतात. लिव्हर लांब केला तर जोर कमी लागेल का? (वेंगुर्ला)

लागेल, पण पाय तेवढाच जास्त खाली न्यावा लागेल, आणि दिवसभरात तो त्रासही कमी नाही. त्यापेक्षा मघाच्या पायमशीनमधली अडती रेषा इथे कामाला लावा. पायडलकडून येणाऱ्या दोन दांड्या एका रेषेत येण्याच्या बेतात असतात, तेव्हा पायाची हालचाल बरीच आणि पात्याची अगदी थोडी होते. हालचाल जितक्या पटीने घटते, तितक्या पटीने जोर वाढतो. टरफलाला जोर लागतो तो पातं त्यात शिरतानाच. तेव्हा पातं बीला टेकेल त्या क्षणी दांड्या जवळजवळ सरळ व्हायला हव्यात, आधी नको.

अडचण बीच्या आकाराची आहे. वेंगुर्ला-७ ची बी मोठी, गावठी बी बारीक. एकीसाठी लावलेली जागा दुसरीला चालत नाही. म्हणून बी आधी चाळून प्रतवारी करा, आणि कपलरच्या जागी दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला टर्नबकल बसवा, म्हणजे प्रतवारी बदलली की दोन फिरक्यांत लांबी जुळवता येईल. पायडलखाली एक पक्का स्टॉपरही हवा, दांड्या रेषेच्या दोन-तीन अंश अलीकडेच थांबतील असा. रेषा ओलांडली की यंत्रणा कुलूप लावल्यासारखी बसते, आणि ती सोडवायला बायका पात्याजवळ हात घालतात.