डिझेल इंजिनाचा ज्वलनकक्ष: वाचकांचे प्रश्न

डिझेल इंजिनाच्या इंधन पंपावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे पंपाविषयी नसून पंपाने पाठवलेले इंधन जिथे जळते त्या जागेविषयी आहेत. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब असल्याने त्यांतील मुख्य मुद्दा तेवढा दिला आहे.

यंत्र अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी विचारते: पेट्रोल इंजिनात ज्वलनकक्ष सिलिंडर हेडमध्ये असतो आणि पिस्टनचा माथा बहुधा सपाट असतो. आमच्या प्रयोगशाळेत उघडून ठेवलेल्या डिझेल इंजिनात मात्र हेड सपाट आहे, पिस्टनच्या माथ्यात खोल वाटी कोरलेली आहे आणि त्या वाटीच्या मधोमध उंचवटा ठेवला आहे. जागा हवी म्हणून वाटी कोरायची आणि मग तीच जागा भरून टाकायची, हे का?

उत्तर: पेट्रोल इंजिनात ठिणगी पडण्यापूर्वी हवा आणि इंधन यांचे मिश्रण तयार झालेले असते, कक्षाने ज्योतीला कमीत कमी अंतरात सगळीकडे पोहोचू दिले की त्याचे मुख्य काम झाले. डिझेल इंजिनात इंधन अगदी शेवटच्या क्षणी आत येते. संपीडन गुणोत्तर (पिस्टन अगदी खाली असतानाचे आणि अगदी वर असतानाचे सिलिंडरमधील आकारमान यांचे प्रमाण) १७.५ च्या आसपास असलेल्या इंजिनात त्या वेळी हवेचा दाब वातावरणाच्या ४० ते ५० पट आणि तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअस असते. इतक्या तापलेल्या हवेत डिझेल पेटणे अवघड नसते, अवघड असते ते हवेत मिसळणे. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात क्रँक एक अंश फिरायला एका सेकंदाचा नऊ हजारावा भाग लागतो, म्हणजे फवारा, बाष्पीभवन, मिश्रण आणि ज्वलनाचा मुख्य भाग मिळून तीस-चाळीस अंशांत उरकायचे असेल, तर हाताशी जेमतेम तीन-चार मिलिसेकंद उरतात. एवढ्यात इंधनाच्या प्रत्येक थेंबाला हवा मिळाली नाही, तर उरलेला कार्बन काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. म्हणूनच डिझेल इंजिन पूर्ण भारावरही गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालते.

आता वाटीकडे पाहा. आत येणाऱ्या हवेला इनटेक पोर्टच्या (हवा आत आणणाऱ्या वाटेच्या) वळणामुळे सिलिंडरच्या अक्षाभोवती फिरण्याची गती मिळालेली असते. पिस्टन वर येतो तशी ही फिरती हवा कमी व्यासाच्या वाटीत कोंबली जाते आणि कोनीय संवेग टिकून राहत असल्याने तिचे फिरणे वाढते. वाटीचा व्यास सिलिंडरच्या निम्मा असेल, तर आदर्श गणिताने फिरण्याचा वेग चौपट व्हायला हवा. घर्षणामुळे आणि सगळी हवा वाटीत न मावल्यामुळे तो प्रत्यक्षात त्याहून कमी वाढतो. याशिवाय पिस्टनच्या सपाट कडेवरची हवा शेवटच्या काही अंशांत चेपली जाऊन वाटीत जोराने घुसते. तिला स्क्विश म्हणतात.

मधल्या उंचवट्याचे कारण फवाऱ्याच्या कोनात आहे. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाच्या, म्हणजे नोझलच्या, छिद्रांतून निघणाऱ्या धारा बऱ्याच पसरट, सुमारे १५० अंशांच्या शंकूत जातात. नोझलच्या बरोबर खाली जी हवा असते तिच्यापर्यंत त्या पोहोचतच नाहीत, आणि भोवऱ्याच्या मध्याशी हवेचा वेगही नगण्य असतो. कामाला न येणारी ती हवा तिथे ठेवण्यापेक्षा ती जागा धातूने भरून तेवढी हवा कडेला, धारांच्या वाटेवर ढकलणे शहाणपणाचे ठरते. उंचवट्याचा उतार वाटीतल्या उभ्या वलयाकार प्रवाहालाही वळण देतो.

भोवरा जितका जोरकस तितके चांगले, असे मात्र समजू नका. चार-पाच छिद्रांच्या नोझलला त्याची गरज असते. छिद्रे आठ-नऊ झाली की तोच भोवरा एका धारेचे जळके वायू शेजारच्या धारेत नेऊन टाकतो. मोठ्या, संथ इंजिनांत म्हणूनच वाटी उथळ व रुंद असते आणि हवा जवळजवळ शांत ठेवलेली असते.

जुनी इंजिने दुरुस्त करणारे एक मेकॅनिक विचारतात: जुन्या गाड्यांच्या हेडमध्ये छोटा वेगळा कक्ष असायचा, त्यात इंजेक्टर आणि ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करण्यासाठी विजेने तापणारी कांडी) असायचे. ती इंजिने आवाज कमी करत आणि नोझलही वर्षानुवर्षे टिकत. मग ती रचना का टाकून दिली?

उत्तर: आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि ही रचना मागासलेली होती असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तिने डिझेल इंजिन मोटारगाडीत बसण्याजोगे केले. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ सालच्या यशस्वी इंजिनात इंधन आत ढकलण्यासाठी जास्त दाबाची हवा वापरली जात असे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. असे धूड जमिनीवर घट्ट बसवलेल्या इंजिनाला किंवा जहाजाला चालते, गाडीला नाही. बेंझ कंपनीत काम करणाऱ्या प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या पूर्वकक्षाने यातून वाट काढली. थोडे इंधन छोट्या कक्षात पेटते, तिथला दाब एकदम वाढतो आणि तो दाबच उरलेले इंधन अरुंद तोंडातून मुख्य सिलिंडरमध्ये उधळून देतो. बाहेरून आणलेल्या हवेचे काम आतल्या ज्वलनाकडून करून घेतले गेले. पुढे ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांच्या १९३० च्या दशकातील कॉमेट कक्षात गोलाकार कक्षाला स्पर्शिकेच्या दिशेने वाट काढलेली होती, त्यामुळे पिस्टन वर येताना आत शिरणारी हवा स्वतःच जोरात भोवरत असे. १९३६ ची मर्सिडीज-बेंझ २६० डी पूर्वकक्षावर चालली, तर १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ डिझेलने भोवऱ्याच्या कक्षाच्या जोरावर मिनिटाला ५००० फेऱ्यांपर्यंत मजल मारली.

या रचनेचा मोठा गुण असा की मिश्रणाचे कष्ट हवा उपसत होती, त्यामुळे इंधनाच्या दाबाला फारसे काम उरत नव्हते. एकाच मोठ्या छिद्राचे, मधोमध पिन असलेले पिंटल नोझल १२० ते १५० बारला (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) उघडले तरी भागत असे. ते नोझल सहसा तुंबत नाही, याचा अनुभव आपणास आहेच. ज्वलनाची सुरुवात बाजूच्या कक्षात होत असल्याने दाबवाढीचा पहिला धक्का पिस्टनला थेट बसत नसे, म्हणून आवाजही सौम्य.

याची किंमत इंधनात मोजावी लागे. हवा अरुंद तोंडातून आत लोटायची आणि जळते वायू त्याच तोंडातून बाहेर काढायचे, यात प्रत्येक फेऱ्याला काम खर्च होते. कक्षाचे आकारमान लहान आणि पृष्ठभाग मोठा, त्यात वायू वेगाने फिरणारे, म्हणजे उष्णता भिंतींना आणि भिंतींमार्गे पाण्याला जाणार. कॉमेट कक्षाचा खालचा अर्धा भाग उष्णतारोधक पोलादाचा, हेडला कमीत कमी ठिकाणी टेकलेला ठेवण्याचे कारणही हेच होते: तो भाग लालसर तापावा आणि उष्णता हवेला परत मिळावी. तरीही थंड इंजिन सुरू होण्यासाठी संपीडन गुणोत्तर २० ते २३ ठेवावे लागे आणि ग्लो प्लगशिवाय गत्यंतर नसे. थेट फवारणीच्या इंजिनाच्या तुलनेत इंधन साधारण १० ते १५ टक्के जास्त लागे, आणि हा फरक कोणत्याही सुट्या भागाच्या टिकाऊपणाने भरून निघणारा नव्हता.

थेट फवारणी ट्रकांमध्ये आधीपासून होतीच. मोटारीत ती १९८८ च्या फियाट क्रोमाने आणि १९८९ च्या ऑडी १०० ने आणली. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून सतत जास्त दाबाचे इंधन पुरवणारी पद्धत) आली आणि १३५० बारच्या दाबाने इंधन इतके बारीक फुटू लागले की हवेला पूर्वीइतके घुसळण्याची गरज राहिली नाही. आज हा दाब २००० बारच्या पुढे गेला आहे. मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर इंधन सोडून आवाजही आटोक्यात आणता आला. वेगळ्या कक्षाचे एकूण एक काम अशा रीतीने इंजेक्टरने आपल्याकडे घेतले. अगदी लहान सिलिंडरच्या इंजिनांत मात्र तो कक्ष अजून आढळतो, कारण तिथे नोझलपासून भिंत इतकी जवळ असते की थेट फवारलेली धार हवेत मिसळण्याआधी धातूवर आदळते.

एक वाचक विचारतात: इंधन वाटीच्या भिंतीवर लागणे वाईट, असे आपण नेहमी लिहिता. मग जर्मनीच्या मॅन कंपनीने मुद्दाम भिंतीवरच इंधन फवारणारे इंजिन काढले होते, ते कसे चालले?

उत्तर: चांगले चालले, आणि विलक्षण शांत चालले. १९५० च्या दशकात झिगफ्रिड मॉयरर यांनी विकसित केलेल्या या एम पद्धतीत पिस्टनमधली वाटी गोलाकार असते आणि इंधनाची धार हवेच्या फिरण्याच्या दिशेने, भिंतीला घसटून सोडली जाते. बहुतेक इंधन भिंतीवर पातळ थर होऊन पसरते. अगदी थोडे हवेत राहते आणि तेच आधी पेटते. डिझेलचा नेहमीचा ठोका येतो तो पेटण्याआधी साठलेले मिश्रण एकदम भडकल्यामुळे, आणि इथे एकदम भडकायला मिश्रणच तयार नसते. थर जसा वाफेत बदलतो तसा भोवरा ती वाफ उचलून ज्वलनाकडे नेतो. पेटण्यासाठी लागणारे तयार मिश्रण इतके थोडे असल्याने इंधनाच्या जातीबद्दलही हे इंजिन फार चोखंदळ नव्हते. अमेरिकी लष्करी ट्रकांच्या बहुइंधन इंजिनांत याच पद्धतीचा आधार घेतला गेला.

गोम भिंतीच्या तापमानात होती. भिंत गार असताना, म्हणजे सुरुवातीला आणि हलक्या भाराला, थर पूर्ण उडत नाही आणि अर्धवट जळलेले इंधन पांढऱ्या-निळ्या धुराच्या रूपाने बाहेर येते. जोरकस भोवऱ्यामुळे भिंतींतून उष्णताही पुष्कळ जाते. उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर ही पद्धत मागे पडली. आमचा आक्षेप नकळत भिंतीवर लागणाऱ्या इंधनाला आहे. ज्या कक्षाची रचनाच त्यासाठी केली आहे त्याला नाही.

आणखी एका विद्यार्थ्याचा प्रश्न: संपीडन गुणोत्तर वाढले की कार्यक्षमता वाढते, असे शिकवले जाते. मग नवीन डिझेल इंजिनांत ते कमी का होत चालले आहे?

उत्तर: कारण वाढीचा लाभ घटत जातो. हवेच्या आदर्श स्थिर-आकारमान चक्राच्या गणिताने गुणोत्तर १४ वरून १८ केल्यास कार्यक्षमता सुमारे ६५ टक्क्यांवरून ६८.५ टक्क्यांवर जाते, पण १८ वरून २२ केल्यास ती ७१ च्या पुढे जात नाही. खऱ्या इंजिनात वाढता दाब सोसणारे जड भाग आणि त्यांचे घर्षण हा लाभही खाऊन टाकतात. जास्त गरम हवेत नायट्रोजनची ऑक्साइडेही अधिक बनतात. २०१२ मध्ये माझदाने १४ गुणोत्तराचे डिझेल इंजिन बाजारात आणले. त्यात हवा तुलनेने कमी तापत असल्याने इंधन पेटायला किंचित उशीर होतो आणि तेवढ्या वेळात ते अधिक चांगले मिसळते. इंजिन गरम होईपर्यंतच्या अडचणीवर उपाय म्हणून हवा आत घेताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडून गरम वायू परत आत घेतले जातात.

एक तंत्रज्ञ विचारतात: थेट फवारणीच्या एका इंजिनाचे हेड वाकले होते म्हणून पृष्ठभाग ०.३ मिलिमीटर घासून घेतला आणि जाड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ पत्रा) टाकले. आता सकाळी इंजिन उशिरा सुरू होते आणि भारावर काळा धूर येतो. हेड घासल्यावर कॉम्प्रेशन (संपीडन) वाढायला हवे ना?

उत्तर: पेट्रोल इंजिनात वाढते, कारण कक्ष हेडमध्ये असतो. आपल्या इंजिनात कक्ष पिस्टनमध्ये आहे. सपाट हेड घासल्याने वाटीचे आकारमान तसूभरही बदलत नाही, फक्त व्हॉल्व्हच्या खाचांची खोली कमी होते. गॅस्केटने मात्र कॉम्प्रेशन उतरवले आहे. १०० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या सरकण्याच्या अंतराचे) सिलिंडर धरा: विस्थापन ८६४ घन सेंटिमीटर, आणि १७.५ गुणोत्तराला वर उरणारी जागा सुमारे ५२.४ घन सेंटिमीटर. गॅस्केट केवळ ०.२ मिलिमीटर जाड झाले तरी त्यात १.६ घन सेंटिमीटरची भर पडते आणि गुणोत्तर १७.० वर येते. त्यातही ही वाढलेली जागा पिस्टनच्या कडेवरच्या पातळ फटीतली असल्याने तिथली हवा ज्वलनाला धड मिळत नाही आणि स्क्विशही मंदावतो. गॅस्केटची जाडी अंदाजाने ठरवू नये. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने, गजन पिनच्या (पिस्टन ज्या पिनवर कलतो तिच्या) रेषेवर दोन्ही बाजूंना मोजावे, म्हणजे पिस्टन कलल्याने वाचन चुकत नाही. मग निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे, कडेवरच्या खाचा किंवा छिद्रे पाहून गॅस्केट निवडावे. घासल्यानंतर व्हॉल्व्ह पुरेसे आत बसले आहेत की नाही, हेही त्याच वेळी तपासावे.

काळ्या धुराचे मूळ मात्र बहुधा नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरमध्ये सापडेल. हेड घासल्याने नोझलचे टोक ०.३ मिलिमीटर अधिक बाहेर आले आहे, त्यामुळे धारा वाटीच्या ओठाऐवजी थोड्या खाली पडत असतील. याच्या उलट चूकही नेहमी होते: जुना वॉशर भोकात चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो, टोक दीड-दोन मिलिमीटर वर सरकते आणि धारा वाटीत न जाता थेट फटीत शिरतात. तसे झाले असेल, तर डिपस्टिकवरच्या तेलाला डिझेलचा वास येईल आणि पिस्टनच्या माथ्यावर वाटीच्या बाहेर काजळीचे लांबट पट्टे उमटलेले दिसतील. इंजेक्टर काढून भोकात टॉर्च मारून पाहा, आणि टोक हेडच्या पृष्ठभागाच्या किती बाहेर येते ते मोजून योग्य जाडीचा एकच वॉशर घाला.