आरोप आधी नीट लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा चौदा पानी मसुदा मिळाला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली, कारण हातात लाल पेन नसलं की मला वाचल्यासारखंच वाटत नाही. युद्ध केलं म्हणून पदावर असलेल्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवणं योग्य आहे का, असा विषय, आणि तू ठामपणे ‘हो’ म्हणतेस. माझंही उत्तर ‘हो’च आहे. तरी तुझ्या चौदापैकी अकरा पानांवर मी काट मारली आहे. रागावू नकोस, आधी ऐक.

तू माझ्याकडे ज्युनिअर म्हणून यायच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. एका गावातली पाच-सहा माणसं सरपंचाला काढायचं म्हणून माझ्याकडे आली. अविश्वास ठरावाला लागतील तेवढे सदस्य त्यांच्याकडे नव्हते, म्हणून ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली अर्ज करायचा होता. फरक तुला पाठ आहे. कलम ३५ ला नुसती डोकी लागतात, ३९ ला गैरवर्तन सिद्ध करावं लागतं. मंडळींनी सतरा तक्रारी लिहून आणल्या होत्या. रस्त्यावर मुरूम पडला नाही, दिवाबत्ती बंद, सरपंचाचा भाऊ ऑफिसात येऊन अरेरावी करतो. आणि चौदा नंबरला, दोनच ओळींत, असं होतं की जी ग्रामसभा भरलीच नाही तिचं इतिवृत्त प्रोसिडिंग बुकात आहे, खाली सह्या-अंगठे आहेत आणि त्यातला एक अंगठा त्या तारखेच्या आधीच वारलेल्या माणसाचा आहे. पक्षकार खूश राहावेत म्हणून मी सतराच्या सतरा तक्रारी त्याच क्रमानं टाइप करून घेतल्या. समोरच्या वकिलानं सगळा वेळ मुरमावर काढला. गावकीतलं राजकारण, असं म्हणून अर्ज फेटाळला गेला. मेलेल्या माणसाच्या अंगठ्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

तुझा मसुदा वाचताना तोच अर्ज डोळ्यांपुढे आला. व्हिएतनाम, इराक, लीबिया, इराण, सगळं एका दमात. किती माणसं मेली, किती पैसा गेला, कारणं किती पोकळ होती. सगळं खरं, आणि तू लिहिलंयस छान. पण त्यातून सिद्ध एवढंच होतं की युद्ध वाईट होतं. वाईट युद्ध हा कलम ३५ चा मामला झाला.

१७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसलेल्या लोकांपुढे नेमका हाच प्रश्न आला होता. मसुद्यात महाभियोगाला दोनच कारणं होती, देशद्रोह आणि लाचखोरी. ८ सप्टेंबरला व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले, एवढ्यानं भागणार नाही, ‘गैरकारभार’ही घाला. जेम्स मॅडिसननी लगेच हरकत घेतली: शब्द इतका सैल ठेवलात तर राष्ट्राध्यक्षाची खुर्ची सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, मर्जीवर राहील. गव्हर्नर मॉरिस म्हणाले, गैरकारभाराला दर चार वर्षांची निवडणूक आहेच. (गव्हर्नर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे, मीही पहिल्यांदा फसलो होतो.) मेसननी शब्द मागे घेतला आणि त्याजागी इंग्लंडच्या जुन्या कायद्यातला ‘मोठे गुन्हे आणि गैरकृत्ये’ हा वाक्प्रयोग घातला. म्हणजे ३५ नाकारून त्यांनी ३९ निवडलं. मूर्खपणाचं युद्ध हा गैरकारभार, त्याचा हिशेब मतदार करतील. तुझी अकरा पानं तिथेच गेली.

राहिलेल्या तीन पानांत मात्र दम आहे, कारण तिथे तू युद्ध शहाणपणाचं होतं का हे न विचारता ते सुरू करायचा अधिकार कुणाचा होता हे विचारलंयस. त्याच सभेत १७ ऑगस्टला युद्धाच्या अधिकारावर चर्चा झाली. साउथ कॅरोलायनाचे पिअर्स बटलर म्हणाले, तो राष्ट्राध्यक्षाला द्या. एल्ब्रिज गेरी उठून म्हणाले, एकट्या कार्यकारी प्रमुखाला युद्ध पुकारू द्या असा प्रस्ताव प्रजासत्ताकात ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अचानक हल्ला झाला तर परतवायची मोकळीक राष्ट्राध्यक्षाला राहिली, युद्ध पुकारणं काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, गेलं. तेव्हा तुझा आरोप असा हवा: जो निर्णय राष्ट्राध्यक्षाचा नव्हता तो त्यानं घेतला, आणि ज्यांचा होता त्यांच्यापासून लपवला. हा गैरकारभार नाही, ही दुसऱ्याच्या सहीची चोरी आहे.

आता थोडं विषयांतर, पण तुला आवडेल. मेसननी त्या दिवशी दाखला कुणाचा दिला माहीत आहे? वॉरन हेस्टिंग्जचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या गव्हर्नर जनरलचा. हेस्टिंग्ज देशद्रोहाचा दोषी नाही, असं ते म्हणाले. म्हणजे देशद्रोहाच्या व्याख्येत न बसणारे पण भयंकर अपराध असतात. लंडनमध्ये खासदार एडमंड बर्कनी हेस्टिंग्जविरुद्ध जी बावीस आरोपपत्रं मांडली होती, त्यातलं विसावं आपल्यावर आहे, मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह. पुण्याहून लोणावळा लोकलनं जाताना वडगाव स्टेशन लागतं, तेच ते वडगाव मावळ. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनी तिथे कोंडली आणि तह लिहून घेतला. कलकत्त्यात बसलेल्या हेस्टिंग्जनी तो तह मानलाच नाही. लढाई पुढे चालली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं संपली. अमेरिकन महाभियोगाचे शब्द ठरत असताना त्या मेजावर आपल्या मावळातल्या तहाचा वाद लांबून का होईना हजर होता, याची मला मोठी गंमत वाटते.

पण त्या युद्धाच्या आरोपांचं झालं काय, ते बघ. बर्कनी पहिला आरोप रोहिला युद्धाचा ठेवला होता. अवधच्या नवाबाकडून पैसे ठरवून कंपनीची फौज रोहिल्यांवर घालायची, यापेक्षा उघड प्रकरण कुठलं? जून १७८६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेनं तो ११९ विरुद्ध ६७ मतांनी फेटाळला. त्याच महिन्यात बनारसच्या राजाकडून पैसे उकळल्याचा आरोप मात्र मंजूर झाला. खटला चालला तो मुख्यतः बनारस, अवधच्या बेगमा, भेटी आणि कंत्राटं यांवर. मराठा युद्ध यादीतून गळून गेलं. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले.

मी हा इतिहास उगाळतोय कारण १९७४ मध्ये वॉशिंग्टनला तेच झालं, आणि ते प्रकरण तू बाराव्या पानावर तळटिपेत टाकलंयस. तळटिपेत!

मार्च १९६९ ते मे १९७० अमेरिकेनं कंबोडियावर बी-५२ विमानांच्या साडेतीन हजारांहून जास्त फेऱ्या केल्या. देश तटस्थ, काँग्रेसनं युद्ध पुकारलेलं नाही, जनतेला पत्ता नाही. गुप्त बॉम्बफेक म्हटलं की आपल्याला विमानं दिसतात. तू हॅल नाइट या मेजरकडे बघ. दक्षिण व्हिएतनाममध्ये बिएन होआच्या रडार केंद्रावर त्याची ड्यूटी. कागदोपत्री लक्ष्य दक्षिण व्हिएतनाममधलं. खऱ्या लक्ष्याचे आकडे वेगळ्या हातानं यायचे, विमानं रडारवरून त्या आकड्यांकडे म्हणजे कंबोडियात वळवली जायची. काम उरकलं की नाइट खऱ्या आकड्यांचे कागद जाळायचा आणि नेहमीच्या फॉर्मवर दक्षिण व्हिएतनामचं लक्ष्य भरायचा. पुढे तेच खोटे आकडे पेंटागॉनकडून सिनेटच्या समितीपर्यंत गेले. १९७३ मध्ये नाइटनं एका सिनेटरला पत्र लिहिलं, मग समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा प्रकरण फुटलं.

माझं प्रोसिडिंग बुक आठवलं ना? न झालेल्या सभेचं इतिवृत्त आणि जिथे पडलेच नाहीत तिथे नोंदवलेले बॉम्ब. ज्या सभागृहाला विचारायचं, त्याच्या दप्तरात खोटी नोंद. यापुढे युद्ध चांगलं की वाईट हा वादच उरत नाही. अगदी धर्मयुद्ध असतं तरी हा आरोप उभा राहिला असता.

१९७३ च्याच ३१ जुलैला रॉबर्ट ड्रायनन या काँग्रेस सदस्यानं, जो जेझुइट पाद्री होता, राष्ट्राध्यक्ष निक्सनवर महाभियोगाचा ठराव आणला, आणि त्याचा रोख वॉटरगेटपेक्षा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीच्या प्रकरणापेक्षा, कंबोडियावर होता. वर्षभरानं प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, न्यायिक समितीत जॉन कॉनियर्सनी कंबोडियाचं कलम मांडलं. ३० जुलै १९७४ ला ते २६ विरुद्ध १२ मतांनी पडलं. वॉटरगेटची तीन कलमं मंजूर झाली. कारणं अशी. काही मोजक्या नेत्यांच्या कानावर घातलं होतं. काँग्रेसनं पैसे थांबवले नव्हते. आणि हे कलम घेतलं तर बाकीच्या कलमांसाठी जमवलेलं बहुमत फुटेल, ही भीती. माझ्या मते ते कलम मंजूर व्हायला हवं होतं. दहा दिवसांत, ९ ऑगस्टला, निक्सननी राजीनामा दिला आणि तो प्रश्न तिथेच राहिला. आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग मंजूर झाला, १८६८, १९९८, २०१९ आणि २०२१ साली. एकही युद्धासाठी नाही.

याचं खरं कारण तुझ्या मसुद्यात कुठेच नाही, आणि ते लिहायला हिंमत लागते. काँग्रेस सहआरोपी आहे. व्हिएतनाममध्ये लढायची मोकळीक देणारा १९६४ चा टोंकिनचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. इराक युद्धाची परवानगी २००२ मध्ये २९६ विरुद्ध १३३ आणि ७७ विरुद्ध २३. ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच पुढे न्यायाला बसायचं. लीबियाची तर कमाल आहे. २४ जून २०११ ला प्रतिनिधिगृहानं लीबियातल्या कारवाईला परवानगी द्यायला २९५ विरुद्ध १२३ मतांनी नकार दिला आणि त्याच दिवशी तिच्या पैशावर मर्यादा घालायलाही नकार दिला. मुलाला सिनेमाला जाऊ नको म्हणायचं आणि तिकिटाचे पैसे हातात ठेवायचे, तसं. युद्धाधिकाराच्या १९७३ च्या कायद्यानं राष्ट्राध्यक्षावर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत हात आवरायचे बंधन आहे. निक्सनचा नकाराधिकार मोडून काँग्रेसनं तो कायदा केला होता. ओबामांच्या सरकारनं लीबियात साठ दिवस उलटल्यावर सांगितलं की आम्ही करतोय त्याला त्या कायद्यातला ‘संघर्ष’ हा शब्दच लागू होत नाही. वकिली म्हणून मला कौतुक वाटतं, बाकी काही वाटत नाही.

२००८ मध्ये डेनिस कुसिनिच यांनी धाकट्या बुशवर पस्तीस कलमं सभागृहात वाचून दाखवली. पस्तीस! ठराव समितीकडे गेला आणि तिथेच विरला. माझ्या सतरा तक्रारी बऱ्या म्हणायच्या. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवरच्या हल्ल्यावरून ॲल ग्रीन यांनी ट्रम्पवर आणलेला ठराव ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला सारला गेला, आणि बाजूला सारणाऱ्यांत ग्रीन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे शंभराहून जास्त होते. यावर जास्त लिहू नकोस, तो वाद अजून गरम आहे आणि तुझे परीक्षक त्यातच अडकतील.

समोरची बाजू तुला दोन गोष्टींनी घेरेल. एक, सैनिक रणांगणात असताना सेनापतीला पिंजऱ्यात उभं करता का? दोन, दोषी ठरवायला लागणारी दोन तृतीयांश मतं सिनेटमध्ये मिळणार नाहीत हे माहीत असताना हा खटाटोप कशाला? दोन्हींना उत्तर म्हणून लिंकन वाच. राष्ट्राध्यक्ष लिंकन नव्हे. डिसेंबर १८४७ मध्ये नुकताच प्रतिनिधिगृहात बसलेला इलिनॉयचा वकील. राष्ट्राध्यक्ष पोक सांगत होते की मेक्सिकोनं अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं. लिंकननं विचारलं, ती जागा नेमकी कुठली ते दाखवा. आणि युद्ध चालू असताना, रसदीच्या बाजूनं मत देत देत विचारलं. ३ जानेवारी १८४८ ला सभागृहानं ८५ विरुद्ध ८१ मतांनी नोंदवलं की हे युद्ध राष्ट्राध्यक्षानं अनावश्यक आणि घटनाबाह्य रीतीनं सुरू केलं. पोकवर महाभियोग आला नाही. लिंकनची टिंगल झाली. पण ते चार मतांचं आधिक्य पावणेदोनशे वर्षांनी तू आणि मी वाचतोय, हे परीक्षकांना सांग.

तेव्हा बारावं पान उचलून पहिलं कर. तळटिपेतला मेजर वर काढ. आरोप एक, फार तर दोन. प्रत्येकात तारीख, कुणाला काय कळवायला हवं होतं, काय कळवलं, आणि कागद कुठे आहे. बाकी लाल पेनानं खोडलेलं फेकून देऊ नकोस, उलटतपासणीत लागेल. सुधारलेला मसुदा चार पानांचा असेल तरच पाठव, झेरॉक्सवाल्यानं पानामागे दर वाढवलाय.

तुझा,
सर

ता. क. डिसेंबरात येशील तेव्हा एक सकाळ मोकळी ठेव. लोकलनं वडगावला जाऊ, विजयस्तंभ बघू आणि स्टेशनबाहेर चहा घेऊन दुपारच्या गाडीनं परत येऊ.