मयत नवऱ्याला मत, हयात बायकोला नाही

विचारा की ओ : सहकारातले प्रश्न

प्रश्न : माझे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे, होते. २०२१ मध्ये गेले. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत त्यांचे भाग (शेअर) होते, पिग्मी म्हणजे रोजची छोटी बचतही भरायचे. मीपण तिथं दागिने ठेवून कर्ज घेतलं, तेव्हा सभासद फी म्हणून पैसे घेऊन पावती दिली. आता संचालक मंडळाची निवडणूक लागलीय. मतदारांची कच्ची यादी बोर्डावर लावलीय, त्यात मिस्टरांचं नाव आहे, माझं नाही. विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "वहिनी, निवडणूक बिनविरोधच होणार आहे, तुम्ही कशाला हेलपाटे घालता?" पंधरा वर्षं तेच लोक आहेत. एका संचालकाचे म्हणे दोन लाखांचे भाग आहेत. त्यांच्यापुढं आमचं काय चालणार? मला मत आहे का नाही?
– एक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, मॅनेजरचं ते वाक्य वाचलं आणि मला माझंच जुनं टेबल आठवलं. मी सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत काढली. आधी सायकलला पिग्मीची पिशवी लावून साखर पेठ ते अशोक चौक, नंतर कार्यालयात. मतदार यादी टाइप करायचं काम माझ्याकडं असायचं. एका निवडणुकीच्या आधी एक संचालक शेजारी खुर्ची ओढून बसले आणि नावांवर बोट ठेवत गेले. हा कटकट्या आहे, याची थकबाकी नीट बघ. हा वारला, असू दे, राहू दे. मी राहू दिलं. नोकरी होती, पोरं शाळेत होती. मयत माणूस हरकत घेत नाही आणि उमेदवारी अर्जही भरत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. निवडणुका मतपेटीपाशी होतात असं लोकांना वाटतं. मी तरी त्या टाइपरायटरवर होताना बघितल्यात.

आधी तुमच्या पावतीचं बघू. ती घेऊन उजेडात बसा आणि त्यावर 'नाममात्र सभासद' असं कुठं बारीक अक्षरात लिहिलंय का ते शोधा. सोनेतारण कर्ज देताना सर्रास असंच सभासद करून घेतात. नाममात्र सभासदाला मत नाही आणि नफ्यात वाटाही नाही. इतक्या वर्षांत लाभांश म्हणून एक रुपया तरी हातात पडला का? नसेल तर उत्तर तिथंच आहे. वार्षिक सभेला मिळालेला स्टीलचा डबा लाभांशात धरू नका.

तुमचा खरा हक्क मिस्टरांच्या भागांवरून येतो. त्यांनी नामनिर्देशनात (नॉमिनी म्हणून) तुमचं नाव दिलं असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे भाग तुमच्या नावावर करून मागा आणि सोबत सभासदत्वाचा अर्ज द्या. नामनिर्देशन नसेल तर वारस म्हणून अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, भाग दाखला, आधार कार्ड जोडा. पण खोटी आशा दाखवत नाही. नव्या सभासदाला पहिली दोन वर्षं मतदान करता येत नाही, अशी अट कलम २७ मध्ये आहे. तेव्हा या खेपेचं मत हुकेल असंच धरून चाला. चार वर्षं कुणी तुम्हाला हे सांगितलं नाही, याचा राग मात्र येऊ द्या.

मग आता काय? मिस्टरांचं नाव यादीतून काढायला लावा. वाचताना जिवावर येईल, ठाऊक आहे. पण ते नाव तसंच राहिलं तर मतदानाच्या दिवशी त्यावर कोण सही करून जाईल, सांगता येत नाही. यादीबरोबर हरकतीची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून लेखी हरकत द्या. दीर किंवा शेजारी पूर्ण सभासद, म्हणजे भाग आणि मत असलेले, असतील तर त्यांच्या सहीनं द्या, म्हणजे "तुम्ही कोण?" हा प्रश्नच येणार नाही. त्यांना आणखी एक काम सांगा. सभासदांची यादी, पोटनियम, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि ताळेबंद बघायचा हक्क सभासदाला कलम ३२ नं दिलाय. शांतपणे बसून यादीत आणखी किती मयत आहेत आणि किती हयात गायब आहेत, ते मोजायचं. अंतिम यादी लागल्यावर आरडाओरडा करून उपयोग नसतो.

दोन लाखांच्या भागांना घाबरू नका. भाग शंभराचा असो की दोन लाखांचा, मत एकच, आणि तेही स्वतः जाऊन द्यायचं, दुसऱ्याला पाठवून नाही. १८४४ मध्ये इंग्लंडातल्या रॉचडेल गावात अठ्ठावीस जणांनी एकत्र येऊन सहकारी दुकान काढलं. त्यांतले बरेच जण हातमागावरचे विणकर होते. माणशी एक मत ही रीत त्यांच्या नियमांत होती. मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे सांगताना मला उगाच बरं वाटतं.

बिनविरोध निवडणूक बेकायदा नाही. जागा तेवढेच अर्ज राहिले की ती होतेच. पण अर्ज का येत नाहीत ते बघा. मंडळाची मुदत पाच वर्षांची, त्यात दोन जागा महिलांच्या. त्या दोन जागांवर संचालकांच्याच घरच्या मंडळींची नावं बसवायची चाल मी जवळून पाहिलीय. त्यांनी सभेला न येता सही तेवढी घरून पाठवायची. तुमच्या भागातल्या विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या कुणी पूर्ण सभासद असतील, थकबाकीदार नसतील, तर त्यांनी अर्ज भरायला काय हरकत आहे? पडल्या तर पडल्या. निकालात गडबड वाटली तर दोन महिन्यांच्या आत सहकार न्यायालयात दाद मागता येते.

आणि "निवडणुकीचं आम्हाला काय" म्हणणाऱ्या शेजारणीला एवढं सांगा : बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तिच्या पिग्मीचं काय होणार, ते कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या त्या संचालकांच्या हातात आहे.

अर्ज आणि हरकत, दोन्हींच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. "साहेब नाहीत, ठेवून जा" असं म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती मिस्टरांच्या भाग दाखल्याला टाचून ठेवा.