भरतीवाल्या पोट्ट्यांच्या वेगानं धावू नका

"मॅडम, माझ्यात जिद्दच नाही." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शिक्षिका, वय ४२. डॉक्टरांनी साखर काठावर आहे, चालणं-धावणं सुरू करा, असं सांगितलं. त्यांनी चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा आठवडाभरात सुटलं. "लगेच दम लागते. वयच झालं म्हना."

जिद्दीचं नंतर पाहू म्हटलं. धावता कुठे? डांबरी रस्त्यावर. पोलीस भरतीचे पोट्टे पहाटे सोळाशे मीटर मारतात, तिथेच. "हळू धावलं तर हसतीन ना सारे." म्हणजे ही बाई लोकांच्या नजरेपायी जीव खाऊन पळत होती. दोन मिनिटांत छाती भरून येणारच. त्यात वयाचा काय दोष?

भरतीत घड्याळ पाहून गुण देतात, तुमची कुठली भरती आहे, असं मी विचारलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. मग आम्ही रस्ता बदलला. शेताकडची पांदण, सोबत जाऊबाई. विजेचा एक खांब येईस्तोवर धावायचं, पुढचे दोन खांब चालायचं. आठवड्यातून तीनच दिवस. वेग एवढाच, की जाऊबाईंशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की पाय हळू.

दुसऱ्या भेटीत त्यांनी बूट काढून दाखवला. टाचेवर रुपयाएवढा फोड. बूट मुलाचे जुने, मोजे सुती. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओली कातडी घासून निघते. नवे बूट संध्याकाळी घ्या म्हटलं, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग आवाज खाली गेला, "मांड्याही सोलतात." निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा, एवढाच उपाय. पण हे कुणाला सांगायचं म्हणून कितीतरी बाया धावणं सोडतात आणि कारण 'वेळ नाही' असं सांगतात. मला याचं फार वाईट वाटतं.

तिसऱ्या महिन्यात फोन आला. "मॅडम, धावता धावता बोलून राहिली. ऐकू येते ना?" वाक्य कुठेच तुटलं नाही. मीच घाईघाईनं बजावलं, आता एप्रिल लागतोय, उन्हं चढायच्या आत घरी या, निघताना पाणी प्या, गरगरलं तर तिथेच सावलीत बसा.

"सहालेच घरी असतो मी. नळ येते ना तेव्हा."